सदतिसावा ठिपका

संस्थेत तिला सगळे चाळणबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे, कारण नाव चपखल होतं. अवकाशातल्या दुर्बिणीकडून जी माहिती खाली येते ती काही धुतल्या तांदळासारखी येत नाही. तिच्यात दुर्बिणीची स्वतःची थरथर असते, ताऱ्याचे रुसवेफुगवे असतात, आणि प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचे मेलेले ठिपके असतात. हे ठिपके फार पाजी. त्यांना दिसत काहीच नाही, पण दिसल्याचं ठासून सांगतात. अशी माणसंही असतात, पण ती चाळून काढता येत नाहीत. ठिपके काढता येतात. चाळणबाई बावीस वर्षं तेच करत होती. शोध लागला की फोटो मोठ्या बाईंचा, म्हणजे विभागप्रमुखांचा छापून येई. शोधनिबंधात चाळणबाईचं नाव ज्या ओळीत असे तिथपर्यंत वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तिचा नवराही त्याच संस्थेत, एक मजला वर, हेच काम करायचा. त्याला सावकाशराव म्हणत. चाळणबाई मेलेल्या ठिपक्यांची एक यादी ठेवायची आणि ती लावून शेकडो ठिपके एका फटक्यात बाद करायची. त्याचा यादीवर भरवसा नव्हता. तो चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून एकेक ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. "यादी कालची असते, ठिपका आज मरतो," असं तो म्हणायचा. "आणि तू एकेक बघत बसलास तर आपण मरतो," असं ती म्हणायची. तिला जे काम तीन आठवड्यांचं, ते त्याला अडीच महिन्यांचं.

विभागाची एक जुनी रीत होती. एकाच ग्रहाची माहिती या दोघांनी वेगवेगळी चाळायची आणि काम संपेपर्यंत त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. शेवटी दोघांनी आपापला आलेख पारदर्शक कागदावर छापायचा, पाकिटात बंद करायचा, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर दोन्ही कागद जिन्याजवळच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. जुळले तर उत्तर खरं. नाही जुळले तर चूक कोणाची ते शोधायचं, आणि ज्याची निघेल त्याने आठवडाभर अख्ख्या विभागाचे कप धुवायचे. "बरोबर उत्तर एकच असतं," मोठ्या बाई नेहमी सांगत, "चुका मात्र ज्याच्या त्याच्या. म्हणून दोघं हवीत."

आता नवरा-बायकोने एका घरात राहून असं गप्प बसायचं म्हणजे तारेवरची कसरत. पण त्यांनी ती सतरा ग्रहांपर्यंत केली होती. घरात ग्रहाचं नाव काढायचं नाही, हा नियम. जेवताना त्याने सवयीने "पाणी आहे का?" विचारलं की ती "कुठे?" म्हणायची, आणि दोघं ताटावर हसत बसायची. सगळी भांडणं त्या खिडकीपाशी व्हायची. तीही अशी की खालच्या मजल्यावरचे लोक कामं टाकून जिन्यात उभे राहायचे. सतरापैकी अकरा वेळा कप त्याने धुतले होते, पाच वेळा तिने. एकदा दोघांनी मिळून धुतले, कारण दोघंही चुकले होते, अर्थात निरनिराळ्या तऱ्हेने.

अठरावा ग्रह आला तो तिच्या आजारपणाच्या पाठीवर. डोकं दुखतं म्हणून ती डॉक्टरांकडे गेली आणि मेंदूच्या आवरणाखाली लिंबाएवढी गाठ निघाली. साधी गाठ आहे, काढली की झालं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना सगळंच साधं वाटतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नर्स तिचे केस उतरवत होती. हात चालू ठेवून तिने विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"लांबच्या ताऱ्यांभोवती मोठाले ग्रह असतात, त्यांची हवा बघते."

"इथून?"

"इथूनच. ग्रह ताऱ्यासमोरून जातो ना, तेव्हा ताऱ्याचा जरासा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. पाण्याची वाफ तिचे ठरलेले रंग खाते, कार्बनचे वायू त्यांचे. कुठला रंग किती खाल्ला गेला ते बघायचं, की हवेत काय काय आहे ते कळतं."

"आणि कळून करायचं काय?"

"त्याचं माहेर कळतं." नर्सचा हात थांबला तशी ती उत्साहाने बोलू लागली. "हे ग्रह अगडबंब, आणि फिरतात ताऱ्याला अगदी खेटून. चार-चार दिवसांत वर्ष संपतं त्यांचं. एवढं मोठं धूड त्या भट्टीत वाढलं असेल असं वाटत नाही. लांब थंडीत वाढलं असणार, मग आत आलं असणार. पण किती लांब? बर्फ गिळत वाढलं असेल तर हवेत ऑक्सिजन जास्त. पाण्याचा बर्फ होतो त्या रेषेच्याही पलीकडे, नुसता वायू ओढून वाढलं असेल तर कार्बनचं पारडं जड. बाई सासरी कितीही वर्षं नांदली तरी तिच्या बोलण्यातून माहेर डोकावतंच की नाही? तसं."

"पण एवढ्या लांबून आगीत कशाला आलं म्हणते मी?"

"तेच शोधायचंय अजून," चाळणबाई म्हणाली. मग तिचा आवाज जरा बारीक झाला. "त्यासाठी डोकं शाबूत हवंय मला."

"देऊ की," नर्स म्हणाली, आणि तिने उरलेले केस फार हळू हाताने काढले.

गाठ निघाली. पण पहिले काही दिवस शब्द जागेवर सापडेनात. सूप प्यायला तिने किल्ली मागितली. सावकाशरावाला कळेना, त्याने खरोखर खिशातून घराची किल्ली काढून दिली. तिने किल्लीकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, आणि ती रडायला लागली. बावीस वर्षांत त्याने तिला चुकताना पुष्कळदा बघितलं होतं. चुकल्यावर ती चिडायची, वाद घालायची, पाय आपटत कप धुवायला जायची. रडताना बघितलं नव्हतं.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. ती धावत आली होती. जाताना तिने वडिलांना दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून बजावलं, "बाबा, थोडे दिवस आईशी वाद नका घालू. ती म्हणेल त्याला हो म्हणा." सावकाशराव तो सावकाशरावच. त्याचे थोडे दिवस वर्षभर चालले.

शब्द परत आले. केस परत आले, ते मात्र पूर्वी सरळ होते ते कुरळे आले. आठ महिन्यांनी मोठ्या बाईंनी तिला घरून काम करायला दिलं, तो हा अठरावा ग्रह. आकाराने फुगलेला आणि वजनाने हलका, म्हणून विभागात त्याचं नाव ढब्बू पडलं होतं. चाळणबाई जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली होती, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं होतं, आणि सगळं उत्तम आहे असा कागद दिला होता. तिला त्या कागदाचं कौतुक नव्हतं. आपलं डोकं शाबूत आहे की नाही, हे तिच्या लेखी एकाच ठिकाणी ठरणार होतं, ते जिन्याजवळच्या खिडकीवर.

पूर्वी तीन आठवडे लागत तिथे तिला तीन महिने लागले. दुपारी, सावकाशराव जेवायला घरी यायच्या सुमाराला, डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा अंगावर शाल असायची.

पाकिटं फोडायच्या दिवशी सगळा विभाग जिन्यात जमला. मोठ्या बाईंनी एक कागद काचेवर धरला आणि त्यावर दुसरा सरकवला. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या की जणू एकच कागद होता. कार्बनचं पारडं चांगलंच जड होतं. म्हणजे ढब्बू बर्फाच्या रेषेच्या पार पलीकडचा, फार लांबचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "चला, कप कोणीच धुवायचे नाहीत!" चाळणबाईला हसू आवरेना. घरी जाताना ती पायी गेली आणि वाटेत दिसेल त्या दुकानाची पाटी मनातल्या मनात वाचत गेली. सगळे शब्द जागेवर होते. त्या संध्याकाळइतकी सुखी ती लग्नाच्या दिवशीही नव्हती. लग्नाच्या दिवशी तिच्या चपला चावत होत्या.

तेरा दिवसांनी, शोध जाहीर व्हायला चार दिवस उरले असताना, ती रविवारी सकाळी निबंधाबरोबर जोडायचा तक्ता तपासत होती. आलेखात एकेचाळीस बिंदू होते, म्हणजे एकेचाळीस रंग. प्रत्येकापुढे कुठली यादी लावली ते लिहायचं होतं. तिने यादी उघडली. वरची तारीख बघितली. यादी मागच्या वर्षीची होती. आजारपणाच्या आधीची. तेव्हापासून पट्टीवर आणखी नऊ ठिपके मेले होते, आणि त्यातला एक बरोबर सदतिसाव्या रंगात बसून, काही दिसत नसताना, कार्बनच्या नावाने बोंब मारत होता. तिचा सदतिसावा बिंदू फुकटचा वर गेला होता.

संपलं, असं तिला वाटलं. इतकी बावळट चूक तिने पहिल्या वर्षीही केली नव्हती. मग तिने घाईघाईने नवऱ्याचा तक्ता उघडला. त्याचाही सदतिसावा बिंदू वर होता, अगदी तेवढाच. तिने सुटकेचा श्वास घेतला. त्यालाही आलं म्हणजे ते खरंच असणार.

श्वास अर्धा सोडला आणि ती थांबली. त्याच्याकडे यादीच नसते. तो एकेक ठिपका डोळ्यांनी बघतो. मेलेला ठिपका त्याच्या नाकाखालून सुटणार नाही. आणि समजा सुटलाच, तर तेवढाच कसा चुकेल? चुका ज्याच्या त्याच्या असतात. तिची चूक त्याच्या कागदावर आपल्या पायांनी चालत जाणार नव्हती.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तो मटार सोलत होता, अर्थात एकेक दाणा निरखून.

"तुझा सदतिसावा बिंदू वर का आहे?"

"तुझाही आहे की," तो खाली बघत म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. त्याने कुठला बिंदू, कशाचा बिंदू, असं काही विचारलंच नाही.

"माझा आहे, कारण मी जुनी यादी लावली. तुझा का आहे?"

तो रिकामी शेंग पुन्हा सोलू लागला.

"तू माझं बघितलंस?"

"हो."

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"तू टेबलावर डोकं ठेवून झोपली होतीस," तो म्हणाला. "शाल घालायला आलो. समोर पडद्यावर होतं. नाही बघायचं म्हटलं तरी दिसलं. माझं निराळंच येत होतं. पाणी भरपूर, ढब्बू बर्फ खाऊन वाढलेला. म्हटलं, खिडकीत सगळ्यांसमोर हे जुळणार नाही, आणि ही... त्या दिवशी तू किल्लीकडे बघून रडलीस ना. ते मला परत बघायचं नव्हतं गं. मग तुझे आकडे तुझ्याच औषधांच्या वेळापत्रकामागे उतरवून घेतले."

"म्हणजे चूक माझीच, ही तुझी खात्री होती."

त्याने टरफलं एका बाजूला गोळा केली.

"मी बुधवारला मंगळवार म्हटलं, तू हो म्हणालास. भाजी खारट झाली, तू वर पाणी पिऊन ताट स्वच्छ केलंस. मी म्हणत होते, किती छान चाललंय. वर्षभर एक चूक नाही!" ती ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. "मी बरी झाले, का तू नुसता हो म्हणत होतास? आता मला कसं कळणार सांग. सगळ्या जगात माझी चूक काढणारा एकच माणूस होता. तोच गप्प बसला तर मी बरोबर कधी असते, हे मला सांगणार कोण? डॉक्टरांचा कागद?"

सावकाशरावाने मटाराचं भांडं बाजूला सारलं आणि तो रडला. लहान मुलासारखा, नाक पुसत. तिला त्याचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच दयाही आली होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती जागची हलली नाही. हा माणूस मेलेला ठिपका आपल्या हाताने सोडून देतो, तोही आपल्यासाठी, म्हणजे त्याने केवढं ओझं उचललं असेल, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार होतं? पण कळलं म्हणून ते बरोबर ठरत नव्हतं.

"तुझा खरा कागद कुठाय? फाडलास?"

"फाडवेना," तो म्हणाला. "अडीच महिने खपलो होतो."

इतक्यातही तिला हसू फुटलं. तो उठला, पण आधी फोनपाशी गेला. मोठ्या बाईंना त्याने स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता, तिच्यावर काही न ढकलता. पलीकडून असा आवाज आला की त्याने फोन हातभर लांब धरला आणि तो तिलाही ऐकू गेला. गुरुवारचं जाहीर करणं रद्द. काम दुसऱ्या संस्थेतल्या तिसऱ्या माणसाकडूनही करून घ्यायचं. त्याचं नाव निबंधावर राहतं की नाही ते नंतर बघू. "आणि घरी कागद असतील तर आत्ता लावा खिडकीला," बाई शेवटी म्हणाल्या. "तेवढं तरी खरं करा."

त्याने कपाटातून चादरींच्या खालचा आपला कागद आणला. तिने तिचा आणला, सदतिसाव्या बिंदूवर पेन्सिलीने फुली मारून. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरचं ऊन चांगलं येत होतं. दोन्ही कागद काचेवर एकावर एक धरले, आणि ते जुळले नाहीत. पाण्याच्या जागी त्याची रेषा टेकाडासारखी वर गेली होती, तिची जवळजवळ सपाट होती.

"तुझंही बरोबर असू शकेल," तो हळूच म्हणाला.

"खबरदार," ती म्हणाली. "नीट सांग. काय वाटतं ते सांग."

त्याने तिच्याकडे बघितलं. कुरळ्या केसांकडे, कानामागच्या व्रणाकडे. पूर्वी तो तिच्याकडे असा बघायचा नाही, पूर्वी तो कागदाकडे बघायचा. तिने बोटाने काचेवर टकटक केलं. मग हळूहळू त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला टेकवलं.

"पाणी तू खाऊन टाकलंयस," तो म्हणाला. "सरळ सरळ. एवढं टेकाड गेलं कुठे?"

"ते पाणी ढब्बूचं नाहीच! ताऱ्याचं आहे. गार तारा आहे हा, अंगभर डाग आहेत. डागात वाफ असते. ती तू ग्रहाच्या खात्यावर मांडलीस."

"डाग? एवढे? तारा आहे का बिबट्या?"

"त्याचा उजेड कमीजास्त होतोय तो बघितलास का? तू ठिपका न् ठिपका बघतोस आणि तारा बघतच नाहीस!" तिने संगणक आणून ती नोंद त्याच्यापुढे आपटली. त्याने ती वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. ती श्वास धरून उभी होती, कारण आता तो हो म्हणाला तर तो हो कुठला, हे तिला ओळखता येणार नव्हतं.

"हे मी बघितलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "चुकलो. पण तूही डाग दुपटीने धरलेत. हे बघ, इथे. हा काही डाग नाही, दुर्बीण हललीय. डोळे मिटून वजा करत सुटलीस!"

तिने वाकून बघितलं. दुर्बीण हललीच होती. तिच्या तोंडावर असं हसू आलं की कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हिला काहीतरी मिळालं.

"मग मधून जाईल रेषा," ती म्हणाली आणि पेन्सिलीने काचेवरच्या कागदावर तिसरी रेषा ओढायला लागली. "लांबचाच आहे ढब्बू. थंडीतला. मी तेच म्हणत होते."

"तू पार टोकाचा म्हणत होतीस! बर्फाच्या रेषेच्या जरासा पलीकडचा आहे."

"जरासा? हे जरासं दिसतं तुला?"

"तो हात खाली घे, दिसू दे तर!"

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी या वेळी मुलीचा येतो. चाळणबाईने एका हाताने कागद दाबून धरत दुसऱ्या हाताने तो उचलला. मागे सावकाशराव घसा फोडून सांगत होता की पेन्सिलीला टोक नाही आणि टोक नसलेल्या पेन्सिलीने विज्ञान होत नाही.

"आई? काय चाललंय?" मुलगी घाबरून म्हणाली. "बाबा ओरडतायत? तुमचं भांडण झालं?"

"हो," चाळणबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "भांडतोय आम्ही. तू फोन ठेव."